अंगी लागणारे तेल

नरकचतुर्दशीच्या पहाटे, बाहेर अजून अंधार असताना, महाराष्ट्रातील ज्या घरांत वर्षभर कोणी कोणाच्या पाठीला हात लावीत नाही त्या घरांतसुद्धा तिळाचे तेल वाटीत कोमट होते, पाटाभोवती रांगोळी पडते, आणि एरवी दाढीच्या आरशापलीकडे स्वतःच्या देहाची विचारपूस करण्यास ज्याला सवड नाही असा कर्ता पुरुष निमूटपणे पाठ उघडी करून बसतो. आई किंवा पत्नी टाळूवर तेल थापते, खांद्यांवरून घाईघाईने दोन हात फिरतात, मग आंबेहळद, नागरमोथा, कचोरा आणि वाळा यांच्या वासाचे उटणे, दोन तांबे कढत पाणी, औक्षण, पायाच्या अंगठ्याखाली कारीट. आणि उजाडते तेव्हा सगळी मंडळी चकली-करंजीपाशी येऊन बसलेली असतात. दुसरे दिवशी ती वाटी फडताळात जाते ती पुढल्या आश्विनापर्यंत. या विधीची टवाळी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण ज्या शास्त्राच्या आधारावर तो उभा आहे त्या शास्त्राने हे तेल सणाच्या खाती कधी टाकलेलेच नव्हते, ते रोजकीर्दीत मांडलेले होते, आणि सणाने खाते सांभाळले तरी रोजकीर्द कोरीच राहिली, एवढी तक्रार मात्र नोंदवली पाहिजे.

सातव्या शतकाच्या सुमारास झालेल्या वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात, जेथे ब्राह्म मुहूर्तावर उठण्यापासून दात घासणे, अंजन घालणे, व्यायाम, स्नान अशा अगदी मामुली व्यवहारांची व्यवस्था लावली आहे, तेथेच अभ्यंगाला स्थान दिले, आणि तो नित्य करावा, मस्तक, कान आणि पाय यांना विशेषेकरून करावा, त्याने जरा, श्रम व वात यांचे निवारण होते, असे सांगितले. लगेच पुढे त्याने अपवादही घातले: कफाने ग्रासलेल्याने, नुकतीच शोधनक्रिया झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने तेलाला हात लावू नये. व्यायामासंबंधीही त्याचे म्हणणे असेच बेताचे आहे. बळवंताने आपल्या शक्तीच्या निम्म्यानेच मेहनत करावी आणि मग सर्वांग हलक्या हाताने चोळून घ्यावे. चरकाने या कामी दिलेला दृष्टान्त गाडीवानालाही समजावा असा आहे: तेल मुरलेली घागर, तेलाने मळलेले कातडे आणि वंगण घातलेला आस जसे झीज सोसतात, तसा अभ्यंग करणारा देह श्रम व आघात सोसतो. आणि त्याच ठिकाणी तो असेही म्हणतो की स्पर्शेंद्रियात वायूचे आधिक्य आहे, ते इंद्रिय त्वचेच्या आश्रयाने राहते, म्हणून अभ्यंग त्वचेस परम हितकर. या विधानाकडे पुढे परत येऊ, कारण गेल्या तीस-चाळीस वर्षांत प्रयोगशाळांनी त्याची अनपेक्षित रुजुवात घेतली आहे.

सुश्रुताचा टीकाकार डल्हण याने तर तेल किती वेळ चोळले असता शरीरात कोठवर पोहोचते याचा बयाजवार तपशील दिला आहे. तीनशे मात्रांत केसांच्या मुळापर्यंत, चारशेंत त्वचेपर्यंत, पुढे शंभर-शंभर मात्रांच्या टप्प्याने रक्त, मांस, मेद, अस्थी, आणि नऊशे मात्रांत मज्जेपर्यंत. मात्रा म्हणजे ऱ्हस्व अक्षर उच्चारण्याचा वेळ, तेव्हा हा सगळा प्रवास पाचएक मिनिटांत आटोपतो. तेल मज्जेत जाते हे आजच्या शरीरशास्त्राला मान्य होणार नाही आणि होण्याची गरजही नाही. मला या कोष्टकातले कौतुक वाटते ते इतकेच की कोणी तरी हात फिरवताना मनात आकडे मोजीत होता, आणि दर अवयवाला पाच मिनिटे हा त्याचा अंदाज व्यवहारात आजही चुकीचा ठरत नाही.

ग्रंथातील ही शिस्त प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला आली, हा प्रश्न मात्र निराळा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांत स्नानाचा आणि सुगंधी तेलांचा समावेश आहे, तसाच मल्लांच्या विनोदाचाही आहे, म्हणजे मर्दन दरबारी होते. गावात ते न्हाव्याच्या माथी होते. हजामतीबरोबर पाटलाचे आणि आल्या-गेल्या पाहुण्याचे अंग रगडणे हा त्याच्या बलुत्यातला शिरस्ता, आणि त्याचा वेगळा मेहनताना देण्याची पद्धत नव्हती. दमून आलेल्याचे पाय चेपावेत ही भावना थोर खरी, परंतु चेपणारे हात कोणत्या घरातून यावेत हे जन्माने ठरलेले होते, आणि दिवसभर दुसऱ्याचे खांदे चोळणाऱ्याचे खांदे कोणी चोळावेत याची तजवीज ना स्मृतींत होती ना गावगाड्यात.

या नियमाला एक जागा सन्माननीय अपवाद होती आणि आहे, ती म्हणजे तालीम.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला जो आश्रय दिला, 1912 साली जे खासबाग मैदान उभे केले, त्याच्या आठवणी सर्वांना ठाऊक असतात. पण मैदानात दहा मिनिटे दिसणाऱ्या कुस्तीच्या पाठीमागे तालमीतले जे कष्ट आणि जी बरदास्त असते ती पाहावयाची तर गंगावेशीच्या बाजूला एखाद्या तालमीत सुट्टीच्या सकाळी जाऊन बसावे. इतर दिवशी पहाटे चारला उठून मेहनत, हौद्यात लढत, सायंकाळी जोर-बैठका हा क्रम असतो. आठवड्यातला एक दिवस लढत बंद आणि मालिश. हौद्यातील तांबड्या मातीला ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेले असते, तिचा ओलसर आंबूस वास आणि तापवलेल्या तेलाचा वास एकमेकांत मिसळून भिंतीत मुरलेला असतो. फरशीवर एक गडी पालथा पडलेला. त्याच्या मांडीवर दुसरा उभा, दोन्ही हातांनी वरून सोडलेला दोर धरून, आपले वजन पायांत किती उतरवावे हे दोराच्या ओढीने ठरवीत. टाच पुढे सरकते, थबकते, पुन्हा मागे येते. मग तो खाली बसून दोन्ही अंगठे कण्याच्या दोन बाजूंनी कमरेपासून मानेपर्यंत नेतो. एके ठिकाणी अंगठा अडला की खालचा गडी हुंकारतो, आणि तेथे बोट न हलवता नुसता दाब धरून ठेवला जातो, जोवर ती गाठ आपण होऊन सैल पडत नाही. पोरसवदा हात कोणी घाईने खांद्याच्या फऱ्यावर चालवला की कोपऱ्यात बसलेले वस्ताद वर न बघताच म्हणतात, “हाडावर न्हाई रं, मासावर. हाडावर जोर दिलास तर उद्या त्येचा हात वर जायचा न्हाई.” पिंढरीपासून मांडीकडे, मनगटापासून खांद्याकडे, असा वर वर जाणारा हात चालवण्याचा दंडक आहे, रक्त हृदयाकडे परतते ते याच वाटेने, हे कारण सांगण्याची तेथे कोणास जरूर भासत नाही.

पण त्या तालमीत माझ्या मनात भरले ते निराळेच. अर्ध्या-पाऊण तासाने पालथा पडलेला गडी उठतो, पंचाने हात पुसतो, आणि आता तो उभा राहतो व दुसरा पालथा पडतो. कोणाचा बाप सोसायटीचा चेअरमन, कोणाचा ऊसतोडीला जाणारा; रगडून घेतले त्याने रगडायचे, याला माफी नाही. लहानगे पट्ठे ज्येष्ठांचे अंग अधिक वेळा चेपतात हे खरे, परंतु मैदान जवळ आलेल्या पोराच्या पायांना ज्येष्ठही विनासंकोच हात लावतात. समोरच्या स्नायूला कोठे दुखते हे ज्याच्या बोटांना कळते त्याला पुढे कुस्तीत तोच स्नायू कोठे कच्चा आहे तेही कळते, असे वस्तादांचे म्हणणे, आणि ते अगदीच लबाडीचे नाही.

या मेहनतीनंतरच्या मर्दनाने नेमके काय होते याविषयी एक समज फार दिवस चालत आला होता, की चोळल्याने स्नायूंत साचलेले दुग्धाम्ल निघून जाते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात अकरा तरुणांना दमछाक होईतो सायकल चालवावयास लावून प्रत्येकाचा एकच पाय दहा मिनिटे चोळण्यात आला आणि दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासण्यात आले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दुग्धाम्लाचे प्रमाण दोन्ही पायांत सारखेच निघाले. मात्र चोळलेल्या पायात दाह उत्पन्न करणारे पेशींमधील संदेश मंदावले होते, आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांची नवी उभारणी व्हावी असे इशारे वाढले होते. समज खोटा ठरला, मालिश खरी ठरली. आपल्याकडील पुष्कळशा परंपरांची कैफियत अशीच निघेल असे वाटते.

तालमीत बायकांना मज्जाव होता (आता काही ठिकाणी मुलींचे आखाडे झाले आहेत, ही आनंदाची गोष्ट), पण स्त्रियांच्या आयुष्यात मर्दनाची एक मुदत येत असे आणि अजूनही येते: बाळंतपणानंतरचा सव्वा महिना. पुण्यासारख्या शहरात, जेथे बाळंतशेपेची धुरी देण्यास इमारतीत हरकत घेतली जाते आणि बाजेखाली शेगडी ठेवण्याचा प्रश्नच उरलेला नाही, तेथेही मालिशवाल्या मावशींना मागणी तसूभरही कमी झालेली नाही. सकाळी सातपासून एकामागून एक घरे, प्रत्येक घरी तासाभराचे काम. मावशी येतात, बांगड्या कोपराकडे चढवतात, न्हाणीघरात पाटावर पाय लांब करून बसतात आणि तान्हे आपल्या नडग्यांच्या खोबणीत उताणे घेतात. तेल तळहातावर चोळून ऊन करून मगच बाळाच्या छातीला लागते. छातीवरून दोन्ही हात बाहेर, पोटावर नाभीभोवती हलके वर्तुळ, मग उजवा हात आणि डावा पाय एकमेकांस भेटवायचा, पुन्हा डावा हात आणि उजवा पाय. एवढे होईतो रडणारे पोर गप्प होऊन छताकडे टकमक बघू लागते. कणकेच्या गोळ्याला हळद-तेल लावून तो पाठीवरून फिरवतात, त्याने लव जाते म्हणे. मग पोराला दुपट्यात गुंडाळून आजीच्या हवाली करायचे आणि आईकडे वळायचे. “पाय सैल सोड गं पोरी, माझ्याशी कसली लाज,” असे म्हणत त्या कमरेला हात घालतात. नऊ महिने ज्या मुलीच्या पोटावर केवळ यंत्रे आणि परीक्षक डोळे फिरलेले असतात, तिला त्या तासात बाळंतीण म्हणून कोणी तरी हाताळते. हा औषधोपचार की आधार, याचा निवाडा करण्याच्या भरीस मी पडणार नाही.

तान्ह्याच्या बाबतीत मात्र पुरावा चांगला बळकट आहे. अमेरिकेत मायामी येथे टिफनी फील्ड यांनी 1986 साली अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना रोज तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे, दहा दिवस, हात फिरवून आणि अवयव हलवून पाहिले; त्यांचे वजन इतर अर्भकांपेक्षा रोजी 47 टक्के अधिक वाढले आणि ती रुग्णालयातून सहा दिवस लवकर घरी गेली. मुंबईतील डॉक्टरांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेलाने मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खनिज तेल लावलेल्यांपेक्षा अधिक वेगाने वाढलेले आढळले. त्याच वर्षी ढाक्याच्या शिशुरुग्णालयातून आलेला दाखला असा, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचे तेल लावल्याने रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग 41 टक्क्यांनी घटले. उलट मोहरीचे तेल, ज्याची उत्तरेत इतकी महती, ते कोवळ्या त्वचेचा अडसर दुबळा करते असा संशय प्रयोगांनी घेतला आहे. मावशींच्या कामातील काही गोष्टी तर आजच बंद झाल्या पाहिजेत: नाक वर यावे म्हणून ओढणे, कानानाकात तेल सोडणे, आणि विशेषतः तान्ह्या मुलीची छाती पिळून ‘दूध काढणे’, ज्याने गळू होऊन पोर शस्त्रक्रियेपर्यंत जाते. याविषयी बालवैद्यांनी मावशींशी भांडण न करता त्यांना शिकवावे, कारण सूनबाई डॉक्टरांचे ऐकते तेव्हाही सासूबाई मावशींचेच ऐकत असतात. आणि त्या मावशींचे अंगठे? बरीच वर्षे हे काम केल्यावर अंगठ्याचे मूळ सुजते, उकिडवे बसणाऱ्या गुडघ्यांची वाट लागते. रजा नाही, निवृत्तिवेतन नाही, सव्वा महिना झाला की साडी-चोळी आणि पुढले घर.

चरकाच्या स्पर्शेंद्रियाकडे आता वळू. स्वीडनमधील मज्जाशास्त्रज्ञांनी मनुष्याच्या केसाळ त्वचेत अशा मंदगती तंतूंचा छडा लावला आहे की जे टोचणे, कापणे, भाजणे यांसाठी नसून मुख्यतः हळुवार फिरणाऱ्या स्पर्शाला प्रतिसाद देतात. हात सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या गतीने फिरत असला तर ते जागे होतात, त्याहून मंद किंवा शीघ्र फिरला तर ते उदासीन राहतात, आणि ज्या गतीला ते सर्वांत अधिक उत्तेजित होतात तीच गती माणसे सर्वांत सुखकर म्हणून सांगतात. मावशींचा हात याच चालीचा असतो. दिवाळीच्या पहाटे घाईने फिरणारे दोन हात, माझ्या अंदाजाने, बहुधा या वेगमर्यादेच्या बाहेरचे.

पाठदुखीचे काय? सिॲटल भागात 401 लोकांवर झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला एक याप्रमाणे दहा वेळा मर्दन झालेल्यांची जुनी कंबरदुखी नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांपेक्षा स्पष्टपणे उतरली, आणि गंमत अशी की स्नायूंची बारकाईने चिकित्सा करून केलेले मर्दन आणि केवळ आराम वाटावा म्हणून केलेले मर्दन यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. गुडघ्याच्या संधिवातावरील 2018 सालच्या चाचणीत आठवड्याला तासभर याप्रमाणे आठ आठवडे मर्दन चालले तोवर लाभ ठळक होता. पुढे ते पंधरवड्यावर आणल्यावर मिळालेला आराम टिकला, पण मर्दन न घेणाऱ्यांशी तुलना करता वर्षअखेर फरक उरला नाही. म्हणजे ही गोष्ट सातत्याची आहे, आणि तीही मर्यादित गुणाची. दुखणे मुळापासून जात नाही, सुसह्य होते. एवढ्यावर समाधान मानण्यास बाजार मात्र तयार नसतो.

पश्चिमेकडे या विद्येला शास्त्राचे रूप आले ते एकोणिसाव्या शतकात. पेर हेन्रिक लिंग याने 1813 साली स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची मध्यवर्ती संस्था काढली, पुढे हॉलंडच्या मेझ्गरने हातांच्या हालचालींचे वर्गीकरण केले, आणि दोघांचे काम मिळून आज ‘स्वीडिश मसाज’ नावाने विकले जाते. पाटण्यास जन्मलेल्या दीन महोमेदाने मेझ्गरच्याही आधी इंग्लंडात ब्रायटनच्या समुद्रकाठी वाफारा व चंपी यांचे स्नानगृह चालवून चौथ्या जॉर्ज राजाची मर्जी संपादन केली होती. मुंबईच्या चौपाटीवर बाटल्यांचा किणकिणाट करीत फिरणाऱ्या चंपीवाल्याला असा राजाश्रय कधी लाभला नाही. त्याला आधी पोलिसांनी हटकले आणि मग गारेगार खोल्यांतील स्पाने मागे टाकले. त्या खोल्यांपैकी काहींवर पडणाऱ्या धाडींच्या बातम्यांमुळे जे हाल व्हायचे ते प्रामाणिकपणे काम करणाऱ्या मुलींचे होतात, ज्यांना घरी आपण कोठे नोकरी करतो हे सांगण्याची चोरी.

अलीकडे प्रदर्शनांतून आणि मोठ्या दुकानांच्या दारांत काश्याच्या वाटीची यंत्रे मांडलेली दिसतात. घरोघरी आजी जी वाटी तुपाने तळपायावर फिरवीत, तीच आता विजेवर फिरते. दहा-पंधरा मिनिटे पाय ठेवावेत, तळवा काळाकुट्ट होतो, आणि शेजारी उभा असलेला मुलगा “बघा साहेब, केवढी उष्णता आणि विष निघालं” असे म्हणून पावती फाडतो. काशे म्हणजे तांबे आणि कथील. घाम, तूप आणि घर्षण यांच्या संगतीने त्या धातूवर जी काजळी धरते ती पायाला लागते. विष शरीराबाहेर टाकण्यास यकृत व मूत्रपिंडे तैनात आहेत, तळपायास ते खाते दिलेले नाही. पण पाय हलके होतात हे खरेच, झोपही चांगली लागते, आणि वाग्भटाने पायांना विशेष अभ्यंग सांगितला तो उगाच नव्हे. मग काळ्या तळव्याचा पुरावा दाखवून गिऱ्हाईक गटवण्याची गरज का पडावी, हे कोडे आहे. मी स्वतः ती वाटी हातानेच फिरवतो. यंत्राच्या घरघरीत झोप येत नाही.

ज्यांना वर्षातले उरलेले दिवसही हा क्रम चालवावयाचा आहे, त्यांना मावशी किंवा स्पा परवडण्याची वाट पाहावी लागत नाही. सकाळी आंघोळीपूर्वी दहा-पंधरा मिनिटे आणि लहान वाटीभर तेल एवढ्यावर भागते. सांध्यांवर गोल, लांब हाडांवर सरळ, पोटावर हलका हात, आणि पाठीचा मधला भाग जेथे हात पोहोचत नाही तेथे घरातील माणसाकडे शब्द टाकावा. टाकणे जड जाते, असा अनुभव पुष्कळांचा आहे. नवरा-बायकोंनी तालमीतील पाळीचा नियम उचलावा. ताप, त्वचेवर फोड, ताजी इजा असता तेल नको. पिंढरी एकाच बाजूची सुजून दुखत असेल तर ती चोळण्यापूर्वी डॉक्टरांस दाखवावी, आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ होण्याची औषधे चालू असणाऱ्यांनी जोराचे रगडणे टाळावे. आणि केशकर्तनालयात फुकटची चंपी झाल्यावर मान कडकन मोडून देण्याची जी मेहेरबानी होते तिला हात जोडून नकार द्यावा. मानेतील धमनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत.

तेल कोणते, यावर प्रांताप्रांतांत वाद आहेत. गोव्यात आणि कोकणात खोबरेल, घाटावर तीळ, कोणी बदामाचे चार थेंब वर घालणारे. घाण्याचे ताजे असावे एवढे खरे. खवट वासाचे सणाच्या दिवशीसुद्धा लावू नये. खोबरेल चोवीस अंशांखाली थिजते, तेव्हा मार्गशीर्षात बाटली गरम पाण्यात धरावी, थेट आचेवर नव्हे. फरशीवर जुने तरटाचे पोते टाकावे, आणि न्हाणीघरात शिरण्यापूर्वी तळवे पंचाने कोरडे करावेत, कारण साठीनंतर घसरून खुब्याचे हाड मोडले तर लागणारे महिने कोणत्याही मर्दनाने भरून निघत नाहीत. तो पंचा निराळा ठेवावा. आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून त्यात भिजवावा, नाही तर घरच्या मंडळींचा पहिला आक्षेप तेलावर येत नाही, त्या पंचाच्या वासावर येतो, आणि पंधरवड्यात सगळा उपक्रम बासनात जातो.